जंगल-डोंगरात वापरायला हातातला जीपीएस आणि होकायंत्र : काय घ्यावं, काय टाळावं?

रानवाटा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. ट्रेकिंग ग्रुपसाठी एक हातातला जीपीएस आणि दोन होकायंत्रं घ्यायची आहेत. वापर बहुतेक पावसाळ्यात आणि पाऊस ओसरल्यावर लगेच. भीमाशंकरच्या घाटवाटा, हरिश्चंद्रगडाच्या बाजूच्या नाळा (कड्यांमधल्या अरुंद घळी), अधूनमधून तोरणा-रायगडचा पट्टा. नेटवर शोधलं की अमेरिकेतल्या शिकाऱ्यांसाठी केलेल्या याद्याच समोर येतात. त्यातलं आपल्याला लागू काय आणि फुकटचा भुर्दंड काय, हे कळत नाही. बजेट पंचवीस हजारांच्या आत. फोनवर ऑफलाइन नकाशे आहेतच, तरी वेगळं यंत्र घ्यावं का, इथपासून सांगितलंत तरी चालेल. होकायंत्राच्या बाबतीत तर पाटी कोरी आहे.

घाटमाथा

आधी त्या याद्यांची चाळणी करू. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ मुळे आपल्याकडे शिकार बंद. म्हणजे खाजगी जमिनींच्या हद्दी दाखवणारे नकाशे, शिकारी कुत्र्यांचे पट्टे, त्यांच्या रेडिओ अँटेना हे सगळं बाद. गार्मिन कंपनीच्या यंत्रांत शिकार-मासेमारीची 'चांगली वेळ' सांगणारं एक पान असतं, त्याचाही उपयोग नाही. सूर्य-चंद्राचं पान मात्र ठेवा, अंधार कधी पडणार ते कळतं.

फोन की जीपीएस? कोरड्या हवेत फोन पुरतो. पावसात दोन गोष्टी नडतात. काचेवर थेंब पडले की टचस्क्रीन स्वतःच बोटं लागल्यासारखी वागते, आणि नकाशा उघडा ठेवला की बॅटरी दुपारपर्यंत तळाला जाते. म्हणून बटणांचं यंत्र. पडदा उन्हात वाचता येणारा, पेन्सिल सेलवर चालणारं, आयपीएक्स ७ (१ मीटर पाण्यात ३० मिनिटं) असलेलं.

तुमच्या वापराला गार्मिनचेच तीन पर्याय पाहा.

ईट्रेक्स २२एक्स : २.२ इंची रंगीत पडदा, दोन एए सेल, सुमारे २५ तास, नकाशे भरता येतात. यात खरं होकायंत्र नाही. चालताना बाण बरोबर दाखवतो, थांबलात की तो कुठेही फिरतो. बरेच जण इथेच फसतात.

ईट्रेक्स ३२एक्स : हेच यंत्र, वर तीन अक्षांचं इलेक्ट्रॉनिक होकायंत्र आणि हवेच्या दाबावरचा उंचीमापक.

ईट्रेक्स एसई : पडदा काळा-पांढरा, यंत्रावर नकाशा नाही, फक्त रेषा आणि बिंदू. पण दोन सेलवर १६८ तासांपर्यंत चालतं. ट्रॅक (कुणीतरी चाललेल्या वाटेची नोंद) आधी भरून त्यावरून चालणाऱ्याला पुष्कळ आहे.

जीपीएसमॅप ६५एस हा वरचा वर्ग. दोन वारंवारतांवर ऐकतो आणि आपल्या नाविक या भारतीय यंत्रणेचे उपग्रहही पकडतो. दाट झाडीत आणि नाळेत फरक जाणवतो, पण सेल १६ तासांतच संपतात. ६७ मध्ये १८० तास मिळतात, मात्र बॅटरी आत बसवलेली. चार वर्षांनी ती दमली की सेल बदलून काम भागत नाही.

माझं मत : ३२एक्स, नवा नाहीतर नीट तपासून घेतलेला जुना.

कोलोराडोकर

इथून एक सूचना. मॉडेलच्या आकड्यामागे 'आय' असेल (६६आय, ६७आय) तर त्यात इरिडियमचा उपग्रह संदेशक असतो. इकडे शिकारी तोच सर्रास नेतात. भारतात दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय तो बाळगणं गुन्हा आहे. डिसेंबर २०२४ मध्ये गोव्याच्या विमानतळावर परदेशी प्रवासी याच कारणाने अडकले होते. परदेशातून येणाऱ्या भावाबहिणींकडून यंत्र मागवाल तर ते 'आय' आधी तपासायला सांगा. नुसता जीपीएस फक्त ऐकतो, काही पाठवत नाही. त्याला अडचण नाही.

सुईदोरा

होकायंत्रावर लिहिते, कारण चुकीची खरेदी इथे जास्त होते.

पहिली गोष्ट, सुईचा तोल. पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र सगळीकडे जमिनीला समांतर नसतं. उत्तर युरोपात ते जमिनीत सत्तर अंशांच्या आसपास घुसतं, अलिबाग-पुण्याकडे पंचवीसच्या आसपास, आणि भारताच्या दक्षिण टोकाजवळून तर चुंबकीय विषुववृत्तच जातं. युरोप-अमेरिकेसाठी बनलेल्या सुईचं उत्तरेचं टोक खाली ओढलं जाऊ नये म्हणून दक्षिणेकडे वजन दिलेलं असतं. तेच होकायंत्र इथे आणलं की ते वजन जास्त होतं, दक्षिणेचं टोक खाली जातं, सुई डबीच्या तळाला घासते आणि अडकते. तुम्ही ते वाकडं धरून सुई मोकळी करता आणि वाचन चुकतं.

म्हणून 'ग्लोबल' सुईचं घ्या. सुंटो एमसी-२ चं जी अक्षर असलेलं रूप तसंच आहे, ते वीस अंशांपर्यंत कललं तरी सुई फिरते. आरसा आहे, उतार मोजायची सोय आहे. दुसरं होकायंत्र साधं बेसप्लेटचं (पारदर्शक पट्टीवर बसवलेलं) चालेल, पण दुकानात आडवं धरून चारी दिशांना फिरवून पाहा. एखाद्या दिशेला सुई थबकली की परत द्या.

दुसरी गोष्ट, हिरव्या धातूचं 'मिलिटरी' होकायंत्र घेऊ नका. स्वस्त नकलांत द्रव भरलेला नसतो, तबकडी डुलत राहते. झाकणाची तार आणि खाच एका रेषेत नसते आणि कडेला अंशांऐवजी मिल्सचे (कोन मोजायचं लष्करी एकक) आकडे असतात. देखणं दिसतं, एवढंच.

तिसरी गोष्ट, डेक्लिनेशन. महाराष्ट्रात खरी उत्तर आणि चुंबकीय उत्तर यांत एका अंशापेक्षा कमी फरक आहे. एक अंश म्हणजे किलोमीटरमागे १७ मीटर. सह्याद्रीत सोडून द्या. लडाखला जाणार असाल तर दोन-तीन अंश पूर्व धरा.

कोलोराडोकर

सुईदोराताई, बरोबर. इकडे सात-आठ अंश पूर्व आहे. आठ अंश विसरलात की किलोमीटरला १४० मीटर बाजूला. म्हणून इथल्या याद्यांत 'डेक्लिनेशनचा स्क्रू हवाच' असं ठासून लिहिलेलं असतं. महाराष्ट्रापुरतं घेणाऱ्याने त्यासाठी जास्त पैसे देऊ नयेत.

हुप्प्या

एवढं सगळं कशाला? फोनमध्ये होकायंत्र आहे, जीपीएस आहे, ओस्मअँडचं नकाशांचं अॅप आहे. पॉवर बँक ठेवा, झालं काम.

घाटमाथा

हुप्प्याभाऊ, पॉवर बँक चालते, पण ओला चार्जिंग पोर्ट चालत नाही. आत ओल दिसली की बरेच फोन चार्जिंगच नाकारतात. यंत्राचे सेल भर पावसात पोंचोच्या आडोशाने मिनिटभरात बदलता येतात. फोन हवाच, दुसरा पर्याय म्हणून, झिपच्या पिशवीत बंद करून.

लोहपाषाण

एक मुद्दा सगळ्यांकडून सुटला. आपला सह्याद्री बसाल्टचा. त्यात मॅग्नेटाइट असतं, आणि धारेवर, सुळक्यावर जिथे वीज पडते तिथला खडक जागोजागी स्वतःच चुंबक होऊन बसतो. कातळावर होकायंत्र ठेवून नकाशा लावाल तर सुई सरळसरळ भरकटते. हातभर बाजूला सरकलात की वेगळं दाखवते.

उपाय साधा. होकायंत्र कातळावर टेकवू नका, छातीच्या उंचीवर धरा. वाचन घेऊन पाच-दहा पावलं सरका आणि पुन्हा घ्या. दोन माणसं असतील तर अ कडून ब चं आणि ब कडून अ चं बेअरिंग (उत्तरेपासून मोजलेला कोन) घ्या. फरक १८० अंश यायला हवा. पाच-सहा अंशांनी हुकला तर दोघांपैकी एक जण चुंबकीय खडकाजवळ उभा आहे. सिव्हिलच्या डिप्लोमावाल्यांना हे 'लोकल अॅट्रॅक्शन' पाठ असतं.

आणि स्वतःच्या अंगावरचे चुंबक काढा. पाण्याच्या पिशवीची नळी छातीच्या पट्ट्याला चिकटवणारी चुंबकी क्लिप, फोनचं चुंबकी कव्हर, हेडफोनची डबी. होकायंत्र गळ्यात आणि क्लिप छातीवर, असे लोक सर्रास दिसतात. फोन निदान फूटभर लांब.

अवांतर : कुलाब्याच्या वेधशाळेत १८४१ पासून चुंबकीय नोंदी होत होत्या. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर सुया बिघडतील म्हणून नानाभाई मूस यांनी ते काम १९०४ मध्ये अलिबागला हलवलं. त्या इमारतीत लोखंड वापरलेलं नाही. शंभर वर्षांपूर्वी माणसं ट्रामला घाबरत होती, आपण छातीवर चुंबक लावून फिरतो.

टोपोशीट

नकाशांबद्दल. यंत्र कितीही भारी घ्या, आत काय भरता त्यावर सगळं आहे.

ओपनस्ट्रीटमॅपवरून बनवलेले गार्मिनचे नकाशे फुकट मिळतात. त्यांतल्या कंटूर (समान उंचीच्या) रेषा बहुतेक एसआरटीएमच्या, म्हणजे अवकाशातून रडारने मोजलेल्या उंचीच्या, ३० मीटर चौकटीवरून काढलेल्या असतात. साध्या उतारावर ठीक. कड्यावर धोका. ३० मीटरच्या दोन ठिपक्यांमध्ये दोनशे मीटर सरळ कडा असला तरी तो पसरून तीव्र उतारासारखा दिसतो. पडद्यावर वाटतं, 'इथून उतरता येईल'. कोकणकड्यासारख्या जागी याचा अर्थ काय होतो ते सांगायला नको. सर्व्हे ऑफ इंडियाच्या १:५०,००० टोपोशीटवर कडा वेगळ्या खुणेने काढलेला असतो. म्हणून कागद बरोबर हवाच. ओपन सिरीजचे नकाशे त्यांच्या संकेतस्थळावरून उतरवता येतात.

आता मोजमाप. १:५०,००० वर १ मिलिमीटर म्हणजे जमिनीवर ५० मीटर. उघड्यावर जीपीएसची चूक पाच-दहा मीटर, नाळेत तीस-पन्नास किंवा त्याहून जास्त, कारण कड्यांवर आपटून आलेले संकेत तो खरे धरतो. म्हणजे पडद्यावर तुम्ही वाटेवर आहात, आणि वाट तुमच्या शंभर मीटर खाली पदरात (कड्याखालच्या टप्प्यावर) आहे. बाजूची चूक छोटी, उभी चूक जीवघेणी. बिंदू वाटेवर दिसतो एवढ्यावर उतरायला लागू नका, उंचीचा आकडाही नकाशाशी जुळवा.

जुन्या टोपोशीटचा पाया जॉर्ज एव्हरेस्टच्या मापनाचा आहे, जीपीएसचा डब्ल्यूजीएस ८४ या जागतिक मापनाचा. दोन्हींचे आकडे थेट जुळवलेत तर शंभर-दोनशे मीटरचा घोळ होऊ शकतो. ओपन सिरीज डब्ल्यूजीएस ८४ वरच आहे. ती असेल तर जुन्या शीटच्या नादी लागू नका, गावांची जुनी नावं बघण्यापुरती ठेवा.

यूटीएम (अंशांऐवजी मीटरमध्ये जागा सांगायची पद्धत) वापरणार असाल तर पश्चिम महाराष्ट्र ४३क्यू, ७८ रेखांशाच्या पूर्वेला नागपूरकडे ४४क्यू, आणि १६ अक्षांशाच्या खाली गोव्यात ४३पी.

रानवाटा

बाप रे, भरभरून माहिती! वाचनखूण साठवली. आता यंत्र आलं की सेटिंगमध्ये काय काय करायचं तेही सांगा. आणि अक्षांश-रेखांश वॉट्सअॅपवर येतात ते कसे भरायचे?

घाटमाथा

क्रमाने सांगतो.

सेलचा प्रकार आधी. रिचार्जेबल १.२ व्होल्टचे, अल्कलाइन १.५ चे. सेटिंगमध्ये योग्य प्रकार निवडला नाही तर अर्धे भरलेले सेल 'संपले' म्हणून यंत्र बंद पडतं. एनिलूपसारखे कमी गळतीचे रिचार्जेबल चांगले. पायथ्याच्या दुकानातले 'हेवी ड्यूटी' लिहिलेले सेल झिंक-कार्बनचे असतात. ते रिमोटला ठीक, यात बघता बघता मान टाकतात. घ्यायचेच झाले तर 'अल्कलाइन' लिहिलेलेच. हंगाम संपला की सेल बाहेर काढून ठेवा. गळून संपर्कपट्ट्या हिरव्या झालेले जुने जीपीएस बाजारात पैशाला पासरी आहेत.

उपग्रह : जीपीएससोबत रशियाचं ग्लोनासही. 'वॅस' चालू ठेवा, म्हणजे आपल्या गगन यंत्रणेची दुरुस्ती मिळते. उपग्रहांच्या पानावर ४० किंवा ४१ दिसला की ती येते आहे.

आकड्यांची पद्धत : सगळ्या ग्रुपने एकच ठरवा, दशांश अंश. निरोपात १८.४५३० आलं आणि कुणी ते १८ अंश ४५ मिनिटं ३० सेकंद असं भरलं, तर बिंदू ३४ किलोमीटर उत्तरेला जातो. खरं उत्तर १८ अंश २७ मिनिटं १०.८ सेकंद. गंमत अशी की चुकीचा बिंदूही डोंगरातच पडतो, म्हणून कुणाला शंका येत नाही.

'लॉक ऑन रोड' बंद. रस्त्याने मार्ग काढण्याऐवजी थेट रेषा निवडा, नाहीतर यंत्र तुम्हाला माळशेज घाटाच्या डांबरीवरून फिरवून आणेल.

ट्रॅकची नोंद : 'ऑटो'वर वळणाच्या नाळेत बिंदू विरळ पडतात. पाच सेकंदांना एक ठेवा. दहा हजार बिंदूंत जवळजवळ चौदा तास बसतात. एका सेकंदाला एक ठेवलात तर पावणेतीन तासांत जागा भरते. दुसऱ्याचा ट्रॅक घेतानाही हीच मर्यादा. दहा हजारांपेक्षा मोठी जीपीएक्स फाइल टाकली की यंत्र शेपूट कापतं, आणि कापलेला भाग नेमका उतरणीचा असतो. आधी बेसकॅम्पमध्ये (गार्मिनचं संगणकावरचं सॉफ्टवेअर) हजार-दोन हजार बिंदूंवर आणा आणि गार्मिन फोल्डरच्या आतल्या जीपीएक्स फोल्डरमध्ये टाका. घरीच ट्रॅक शेवटपर्यंत सरकवून पाहा.

सेल बदलले की इलेक्ट्रॉनिक होकायंत्र पुन्हा कॅलिब्रेट करा, गाडीपासून दहा मीटर लांब.

यंत्र पायथ्याच्या गावातच, मोकळ्यावर सुरू करा. बऱ्याच दिवसांनी किंवा दूरच्या जागी सुरू केलं तर उपग्रहांची पूर्ण माहिती उतरायला साडेबारा मिनिटं लागतात. कारवीच्या रानात शिरून बटण दाबलं की ते चाचपडतच राहतं. ईट्रेक्सची अँटेना चपटी, यंत्र आडवं धरलं की उत्तम. जीपीएसमॅपची उभी, ती उभी धरा. दोन्हींची जागा खांद्याच्या पट्ट्यावर, पँटच्या खिशात नाही.

टोपोशीट

उंचीमापकाचं राहिलं. तो दाबावर चालतो. आपल्याकडे हवा न बदलताही दिवसात दाब हलतो, सकाळी दहाच्या सुमाराला जास्त, दुपारी चारला कमी. फरक तीन-चार हेक्टोपास्कल, आणि एका हेक्टोपास्कलला साडेआठ-नऊ मीटर. म्हणजे एकाच जागी बसून चारला उंची तीसेक मीटर वाढलेली दिसते. उंची माहीत असलेल्या जागी (कळसूबाई १६४६, तोरणा १४०३) आकडा भरत राहा. खिंडीत, देवळाशी, जिथे टोपोशीटवर उंची छापली आहे तिथे प्रत्येक वेळी.

पाणवठा

जंगलातल्या प्राणिगणनेला जाणाऱ्यांसाठी थोडी भर. व्याघ्रगणनेच्या ट्रान्सेक्टवर, म्हणजे सरळ आखलेल्या रेषेवर चालताना, प्राणी दिसला की तीन गोष्टी लिहायच्या : रेषेचं बेअरिंग, प्राण्याचं बेअरिंग, अंतर. सांबर ६० मीटरवर, ३० अंशाच्या कोनात असेल तर रेषेपासून त्याचं लंब अंतर ३० मीटर. कोन पाच अंशांनी चुकून ३५ लिहिला तर ते ३४ मीटरच्या वर जातं, आणि घनतेचं सगळं गणित या लंब अंतरावर उभं आहे. इथे बेसप्लेट अपुरं पडतं. डोळ्याला लावून वाचायचं सुंटो केबी-१४ सारखं हवं. एक डोळा भिंगाला, दुसरा उघडा प्राण्यावर. दोन्ही डोळे उघडे ठेवणं ज्याला जमत नाही त्याने प्रगणनेआधी झाडांवर सराव करावा. ट्रेकसाठी मात्र हे घेऊ नका, नकाशावर कोन मांडायला त्याचा उपयोग नाही.

भटकभवानी

धुक्यात होकायंत्र वापरायचं कसं? समोर काहीच दिसत नसेल तर बेअरिंग घेणार कशाचं?

सुईदोरा

कशाचंच नाही, माणसाचं. पठारावर धुकं असेल तर नकाशावरून उतरणीच्या तोंडाचा कोन काढा, डबी त्यावर फिरवा. एक जण वीस-पंचवीस मीटर पुढे जाऊन उभा राहील, मागचा होकायंत्रावरून 'थोडा डावीकडे' असं ओरडून त्याला रेषेवर आणेल, मग त्याच्यापाशी जाईल. पुन्हा तेच. हळू होतं, पण ढोरवाटा तुम्हाला फितवत नाहीत. धुक्यात त्याच जास्त घात करतात. मळलेली, रुंद, आणि जाते कुठल्या तरी पाणवठ्यावर.

परदेशी पुस्तकांत एक युक्ती असते. बिंदूवर नेम न धरता मुद्दाम पाच अंश बाजूला धरायचा (किलोमीटरला ८७ मीटर), आडवा ओढा किंवा रस्ता लागला की ठरलेल्या बाजूला वळायचं. युक्ती चांगली आहे. पण आपल्या घाटमाथ्यावर ती आडवी रेषा कड्याची धार असते. धारेला टेकायचं म्हणून धुक्यात चालत जायचं नाही. ओढा, विजेच्या खांबांची रांग, बांध, डांबरी यांपैकी काही असेल तरच. नसेल तर जीपीएसवर उतरणीचा बिंदू ठेवा आणि दर शंभर पावलांनी अंतर कमी होतंय का बघा.

रानवाटा

ठरलं मग. ३२एक्स, एक ग्लोबल सुईचं आरशाचं, एक साधं बेसप्लेट. ३२एक्स एका ओळखीच्याकडे जुना मिळतोय. काय तपासू?

घाटमाथा

सेलच्या कप्प्यातल्या पट्ट्या, त्यावर हिरवं-पांढरं काही नको. कप्प्याच्या कडेचं रबर सलग आहे का, यूएसबीचं रबरी झाकण घट्ट बसतं का. थंब स्टिक चारही दिशांना आणि दाबून. एक दिशा मेलेली असते आणि विकणारा बोलत नाही. मोकळ्यावर नेऊन उपग्रह पकडायला लावा. एका जागी उभे राहून स्वतःभोवती फिरा, बाण तुमच्या फिरण्याप्रमाणे फिरतो का पाहा. तसा फिरला नाही तर त्याने ३२ म्हणून २२ माथी मारला आहे.

सुईदोरा

होकायंत्र आलं की सूर्य उगवताना एकदा ताडून बघा. मार्च-सप्टेंबरच्या विसाव्या-बावीसाव्या तारखांच्या आसपास तो जवळपास नेमका पूर्वेला असतो. सुई उलटी, लाल टोक दक्षिणेला, असाही माल येतो. फोनच्या स्पीकरला चिकटून ठेवलेली जुनी होकायंत्रंही अशी उलटतात. डबीत ज्वारीच्या दाण्याएवढा बुडबुडा चालतो, उंचीवर आणि थंडीत तो येतो-जातो. सुईला अडवण्याइतका मोठा असेल तर द्रव गळतोय, परत करा. दोन्ही होकायंत्रं एकाच खिशात ठेवू नका, एकमेकांच्या सुया बिघडवतात.

हुप्प्या

बरं, पॉवर बँकेचा मुद्दा मागे घेतो. पण यंत्राच्या काचेला आतून वाफ धरली तर?

घाटमाथा

सेल काढा, कप्पा उघडा ठेवून पंख्याखाली रात्रभर, मग सिलिका जेलच्या पुड्यांसोबत बंद डब्यात दोन दिवस. तांदळात नको, पीठ कप्प्यात जातं. हेअर ड्रायर तर अजिबात नको, रबर सुटतं. दुसऱ्यांदा वाफ धरली तर गॅस्केट गेलं समजा. ते यंत्र मग पावसाळ्यात झिपच्या पिशवीतच. बटणं पिशवीवरूनही दाबता येतात.